सातबाऱ्यावरचा बोजा

वडिलांच्या पश्चात मुले वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जातात. फेरफार मंजूर होतो, सातबाऱ्यावर नवी नावे चढतात आणि त्याच कागदावर 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तसाच उभा असलेला दिसतो. ते कर्ज मुलांनी काढलेले नसते. कदाचित त्यांचा जन्मही झालेला नसताना विहिरीसाठी ते काढलेले असते. तरीही 'विहीर आमची, कर्ज मात्र बाबांचे' असे म्हणणाऱ्या मुलाला गावात कोणी शहाणा समजत नाही. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदाही हेच सांगतो : मृताच्या मालमत्तेतून आधी त्याची देणी फेडावयाची आणि उरेल ते वारसांनी वाटून घ्यावयाचे. वारसाला कोणी गुन्हेगार ठरवीत नाही. हाती आले त्याहून अधिक त्याच्याकडून कोणी मागतही नाही. पण जमीन घेऊन बोजा नाकारण्याची मुभा त्याला नाही.

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे आणि आसपासच्या कपाशीच्या गावांत ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. एका मोठ्या नैतिक प्रश्नाचा विचार करताना मला तिचाच आधार घ्यावासा वाटतो. युरोपातील ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांनी पंधराव्या शतकापासून आफ्रिकेतील माणसे विकत घेतली, जहाजांत कोंबून समुद्रापार नेली, पुढे त्यांचा देशही वाटून घेतला, आणि हे सर्व करता यावे म्हणून ती माणसे आपल्याहून हीन आहेत असा सिद्धांत रचला. त्या पापाशी वऱ्हाडातल्या, वसईतल्या अथवा मुंबईतल्या एखाद्या कॅथलिक कुटुंबाचा काय संबंध?

काहीही नाही, असे उत्तर देणाऱ्याची बाजू दुबळी नाही. तो म्हणेल, आम्हीही त्याच गोऱ्या सत्तांचे अंकित होतो. आमच्या आजोबा-पणजोबांनी ना जहाज पाहिले ना आफ्रिका. आमच्यातील कित्येकांचे पूर्वज तर गावकुसाबाहेर राहत होते. त्यांच्यावरच अन्याय झाला, मग त्यांच्या नातवंडांनी कोणाची क्षमा मागावी? पवित्र शास्त्राचाही त्याला आधार आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात देव स्पष्ट सांगतो की, बापाच्या पापाचा भार मुलावर पडणार नाही; जो पाप करतो तोच मरेल.

हे सगळे मान्य करूनही प्रश्न शिल्लक उरतो, कारण यहेज्केल पापाविषयी बोलतो, बोज्याविषयी नव्हे. पाप आणि ऋण या दोन गोष्टी आपण बोलताना एकच समजतो. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण 'अपराध' म्हणतो. परंतु संत मत्तयच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात त्या ठिकाणी 'ऋण' या अर्थाचा शब्द आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. अपराध ज्याचा त्याचा असतो. ऋण मात्र मालमत्तेबरोबर हात बदलते. तेव्हा आफ्रिकेच्या बाबतीत आपण अपराधी आहोत का, हा प्रश्न बाजूला ठेवून आधी सातबारा उघडून पाहावा : आपल्या हाती काय आले आणि त्याच्या मागे कोणाचे देणे आहे?

प्रथम आपल्या पायाखालची काळी माती पाहू. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला तोच मुळी एका थकबाकीपायी; हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाचे देणे निजामाला फेडता आले नव्हते. या मुलुखात कापूस पूर्वीपासून पिकत होता, पण मँचेस्टरला त्याची फारशी मातब्बरी नव्हती. आपला कापूस आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला म्हणून तिकडचे गिरणीवाले नाके मुरडीत. त्यांना हवा असे तो अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस. इंग्लंडात येणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक माल अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येई आणि तो पिकविणारे हात आफ्रिकेतून पळवून आणलेल्यांच्या वंशजांचे होते. १८६० च्या शिरगणतीत अशा गुलामांची संख्या सुमारे ४० लाख भरली.

१८६१ साली अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे अडविली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. तेव्हा साऱ्यांच्या नजरा हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. भाव कित्येक पटींनी चढले. मुंबईत पैशाचा पूर आला. त्याच तेजीत गबर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून पुढे विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. कापूसवाल्या शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या, अशा गोष्टी अजूनही सांगितल्या जातात. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने खामगावला आले आणि जलंबहून खामगावपर्यंतचा फाटा व तेथील कापसाचा बाजार यांचे उद्घाटन झाले. आपल्या जिल्ह्याचा चेहरामोहरा त्या दहा वर्षांत बदलला. ज्वारीच्या रानात कपाशी शिरली. सावकाराची वही जाडजूड झाली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पण कपाशी राहिली आणि वहीही राहिली. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात, शेतात कापूस आणि घरात दाणा नाही, अशा अवस्थेत वऱ्हाडातील माणसे किती हालाने मेली हे जुन्या लोकांकडून ऐकलेले काहींना आठवत असेल.

म्हणजे पाहा, धामणगावच्या शिवारातील कपाशीची ओळ मागे मागे नेली तर ती मिसिसिपीच्या काठी कोरडे खाणाऱ्या माणसापर्यंत जाऊन पोहोचते. त्या माणसाच्या मुक्तीसाठी रक्त सांडत होते म्हणून आपल्या पांढऱ्या सोन्याला भाव आला. यात वऱ्हाडी कुणब्याचा दोष काडीइतकाही नाही. त्याला तर या व्यवहारात शेवटी फसगतच वाट्याला आली. पण त्याचा आणि त्या गुलामाचा हिशेब एकाच वहीत लिहिला गेला होता आणि वही दोघांच्याही हाती नव्हती, एवढे तरी आपण ओळखले पाहिजे.

त्या काळी हे ओळखणारे होते. मँचेस्टरच्या गिरणीकामगारांचे उदाहरण मला नेहमी अस्वस्थ करते. कापूस नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून भाकरी नाही. दक्षिणेची नाकेबंदी मोडावी, अशी मागणी त्यांनी केली असती तर भुकेल्या माणसांना कोणी दोष दिला नसता. पण १८६२ च्या अखेरच्या दिवशी त्यांनी सभा भरवून अध्यक्ष लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र धाडले. गुलामांच्या मुक्तीसाठी आम्ही उपास सोसू, असा त्याचा आशय होता. लिंकन यांनी जानेवारी १८६३ मध्ये त्यांना उत्तर दिले. आणि आपल्याकडे? जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतील ज्या सज्जनांनी निग्रो गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली त्यांच्या नावे आहे. पुण्यात बसलेल्या त्या माळ्याच्या मुलाला शूद्रातिशूद्राचे दुःख आणि आफ्रिकेच्या लेकरांचे दुःख एकाच जातीचे दिसले. आमच्याच वाट्याला अन्याय आला, मग आम्ही दुसऱ्याचे का पाहावे, असे म्हणणाऱ्यांनी या अर्पणपत्रिकेकडे एकदा पाहावे. ज्याचे जिनिंगवाल्याकडे येणे आहे, त्याच शेतकऱ्याचे सोसायटीला देणे असू शकते. एक दुसऱ्याला रद्द करीत नाही.

आता दुसरा वारसा. हा आपल्याला अधिक प्रिय आहे आणि म्हणून त्याचा हिशेब अधिक अवघड. गोवा, वसई, चौल, साष्टी या भागांत आपला कॅथलिक विश्वास पोर्तुगीजांच्या जहाजांतून आला. (वऱ्हाडात तो पुष्कळ नंतर, वेगळ्या मिशनऱ्यांच्या हातून आला, पण ख्रिस्तसभा एकच असल्याने हा भेद येथे फारसा उपयोगी नाही.) पाचवे निकोलस या पोपमहोदयांनी १४५२ आणि १४५५ साली पोर्तुगालच्या राजाला जी आज्ञापत्रे दिली, त्यांत अख्रिस्ती लोकांना जिंकून कायमचे गुलाम करण्याची परवानगी होती. क्रूस आणि साखळी एकाच गलबतातून निघाली, हे कटू असले तरी कागदोपत्री सत्य आहे. मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आणलेली माणसे गोव्यात विकली जात. यान व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ पासून काही वर्षे गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी कारकुनीला होता. गोव्याच्या रस्त्यात रोज इतर जिनसांबरोबर स्त्री-पुरुष गुलामांचाही लिलाव होई, हे त्याने लिहून ठेवले आहे. जवळच्या देवळात त्याच वेळी मिस्साबलीची घंटा वाजत असेल. वसई, चौल, दमण येथील फिरंगी घरांतही असे गुलाम होते. या माणसांना पोर्तुगीज 'काफ्र' म्हणत. त्याचे आपल्याकडे 'काफ्री', 'खाप्री' झाले. गोव्याच्या लोकसमजुतीत 'खाप्री' हे एका भुताचे नाव आहे. जिवंतपणी ज्याला नाव नव्हते तो मेल्यावर भूत होऊन तेवढा स्मरणात राहिला.

येथे एक उत्तर ठरलेले असते : तो काळच तसा होता, त्या काळच्या लोकांना आजच्या फुटपट्टीने मोजू नये. हे उत्तर मला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण खुद्द ख्रिस्तसभेच्या इतिहासातच आहे. तिसरे पौल या पोपमहोदयांनी १५३७ साली जाहीर केले होते की, अमेरिकेतील मूळ रहिवासी व पुढे ज्ञात होणारे इतर सर्व लोक स्वतंत्र आहेत आणि ते ख्रिस्ती नसले तरी त्यांना गुलाम करता येणार नाही. संत पेत्र क्लावेर (१५८०-१६५४) यांनी कार्ताहेनाच्या बंदरात गुलामांच्या जहाजांत उतरून, त्या नरकात, आयुष्यभर सेवा केली. तरीही क्लावेर यांनी जखमा धुतल्या, जहाज थांबविले नाही, असे कोणी म्हणेल. मग त्यापुढे गेलेल्यांकडे पाहू. १६८१ च्या सुमारास फ्रान्सिस्को होसे दे हाका आणि एपिफानियो दे म्वारां हे दोन कापुचिन धर्मगुरू हवाना येथे मळेवाल्यांना पापनिवेदनाच्या वेळी बजावू लागले की, गुलामांना सोडा, त्यांच्या श्रमाचे मोल द्या, नाहीतर तुम्हांला पापमुक्ती देता येणार नाही. त्या दोघांना अटक करून स्पेनला परत पाठविण्यात आले. जवळजवळ त्याच वेळी लोरेन्सो दा सिल्वा दे मेंदोसा नावाचा अंगोलाच्या राजघराण्यातला कृष्णवर्णी कॅथलिक गृहस्थ थेट रोमला जाऊन पोहोचला आणि आपल्या बांधवांची फिर्याद त्याने पोपमहोदयांपुढे मांडली. त्यातून पवित्र धर्मपरिषदेसमोर अकरा प्रश्न आले. मार्च १६८६ मध्ये तिने जो निर्णय दिला त्यात असेही होते की, अन्यायाने पकडलेल्यांना ज्यांनी विकत घेतले किंवा ज्यांनी बाळगले त्यांनी त्यांना मुक्त केले पाहिजे. आणि त्यांची नुकसानभरपाईही केली पाहिजे.

म्हणजे बोजा त्या वेळीच लिहिला गेला होता. तोही रोममध्ये, आपल्याच दप्तरात. मळेवाल्यांनी आणि राजांनी त्याकडे पाहिले नाही, आणि महागुरूंनी व मठांनीही पाहिले नाही, कारण त्यांच्याही पदरी गुलाम होते. सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली गुलामांच्या व्यापाराचा कडक निषेध केला तेव्हा दीडशे वर्षे उलटून गेली होती. पोर्तुगालने आपल्या वसाहतींतील गुलामी संपविण्याचा कायदा १८६९ मध्ये केला.

भरपाई झाली नाही असेही नाही. ती कोणाला मिळाली हे मात्र पाहण्याजोगे आहे. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली आपल्या साम्राज्याच्या बहुतेक भागांतील गुलामी रद्द केली आणि त्याबरोबर २ कोटी पौंड मंजूर केले, ते गुलामांच्या मालकांना. मुक्त झालेल्यांच्या हाती दमडी पडली नाही. उलट त्यांपैकी बहुतेकांना आणखी काही वर्षे उमेदवार म्हणून त्याच मालकांकडे राबावे लागले. त्या रकमेसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटिश करदात्यांनी २०१५ साली फेडला. हैतीच्या गुलामांनी लढून स्वातंत्र्य मिळविले, तर १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँकची भरपाई कबूल करून घेतली. (ही रक्कम पुढे ९ कोटींवर आणली गेली.) ज्याचे लुटले त्यानेच लुटारूला नुकसानभरपाई द्यावी, हा न्याय एखाद्या गावच्या पंचायतीत सांगितला असता तर पंचांना गावात राहता आले नसते.

मॉरिशसमध्ये ही वही पुन्हा आपल्यापर्यंत येते. तेथील गुलाम १८३५ च्या फेब्रुवारीत मुक्त झाले. पण त्यांच्या जागी उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी १८३४ च्या नोव्हेंबरपासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर जाऊ लागले होते. त्यांत मुंबई इलाख्यातील मराठी माणसेही होती. त्यांची पतवंडे आजही तेथे स्वतःला मराठी म्हणवितात, गणेशोत्सव करतात. आपल्या माणसांनी तेथे चाबूकच खाल्ला, यात शंका नाही. पण मुक्त झालेल्या आफ्रिकी माणसाने जेव्हा मजुरी वाढवून मागितली तेव्हा मळेवाल्याने त्याच्यासमोर नवी आलेली आपली माणसे उभी केली. एका गरिबाच्या गळ्यातला दोर काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची ही रीत होती. त्या बेटावर १८४१ साली आलेले धन्यवादित जाक लावाल हे फ्रेंच धर्मगुरू गोऱ्यांच्या मंडळींत न रमता मुक्त गुलामांत राहिले, त्यांची भाषा शिकले. गोऱ्या सद्गृहस्थांना ते रुचले नाही. १८६४ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला सारे बेट लोटले होते. दुसरे जॉन पॉल यांनी धन्यवादित म्हणून घोषित केलेले ते पहिलेच (१९७९).

गुलामीचा व्यापार थांबला म्हणून आफ्रिकेचे भोग संपले नाहीत. १८८४-८५ च्या हिवाळ्यात बर्लिन येथे चौदा राष्ट्रांचे प्रतिनिधी नकाशा पसरून बसले, त्यांत एकही आफ्रिकी नव्हता. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड, कॅथलिक राजा, याच्या हाती काँगो आला. रबराचा ठरलेला भरणा न करणाऱ्या गावांवर सैनिक सोडले जात आणि झाडलेल्या गोळीचा हिशेब म्हणून कापलेले उजवे हात आणून दाखवावे लागत. एलिस हॅरिस या प्रॉटेस्टंट मिशनरी बाईंनी १९०४ मध्ये घेतलेले एक छायाचित्र आहे. न्साला नावाचा एक बाप ओटीवर बसून समोर ठेवलेल्या दोन लहानशा वस्तूंकडे पाहतो आहे. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा कापलेला हात आणि पाय. हे चित्र पाहून युरोप हादरला आणि १९०८ मध्ये राजाला काँगो सोडावा लागला. तोवर बेल्जियन कॅथलिक मिशनऱ्यांपैकी बहुतेक गप्प होते. येशूसंघीय अर्थर फेरमेर्श यांनी १९०६ साली ग्रंथ लिहून त्या कारभारावर टीका केली, हा मोलाचा अपवाद. आणि रुआंडा? तेथे बेल्जियन अंमलदारांनी १९३० नंतरच्या वर्षांत माणसांना ओळखपत्रे वाटून त्यांवर हुतू, तुत्सी असे शिक्के मारले. शिक्षण-मानमरातब कोणाला द्यावयाचा यात मिशनऱ्यांचाही हात होता. १९९४ मध्ये तीच ओळखपत्रे पाहून माणसे कापली गेली, अनेक ठिकाणी चर्चमध्ये, आश्रयाला आलेली. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली त्याबद्दल देवाची क्षमा मागितली. त्याआधी १९९२ मध्ये दुसरे जॉन पॉल सेनेगलच्या गोरे बेटावरील गुलामघरात उभे राहून क्षमा मागून आले होते आणि मार्च २०२३ मध्ये रोमने त्या पंधराव्या शतकातील आज्ञापत्रांवर आधारलेला सिद्धांत जाहीरपणे नाकारला.

क्षमा मागितली गेली हे चांगले झाले. पण क्षमायाचना ही पापासाठी असते. बोजा त्याने उतरत नाही. जक्कयाने प्रभूचे घरी स्वागत केले तेव्हा तो रडला असे संत लूक लिहीत नाही. ज्यांचे घेतले त्यांना चौपट परत देतो असे तो म्हणाला, एवढे लिहितो.

मग आपण, या कोपऱ्यातल्या माणसांनी, काय परत द्यावयाचे? कायदा म्हणतो, जेवढा वारसा तेवढेच देणे. पैशाचा वारसा आपल्याकडे फारसा आला नाही, तेव्हा तो हिशेब लंडन, लिस्बन आणि ब्रुसेल्स यांनी करावा. आपल्याकडे आली आहे ती नजर. काळ्या कातडीकडे पाहण्याची ही नजर सर्वस्वी फिरंग्यांनी दिली असेही मी म्हणणार नाही. ती आपल्या घरातही होती. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात ते शहर त्याने खडकी म्हणून वसविले. त्याची जमीनमहसुलाची पद्धत महाराष्ट्रात अनेक पिढ्या नावाजली गेली. आपल्याच जिल्ह्यातील सिंदखेडचे लखुजी जाधव हे त्याच्या काळी निजामशाहीचे मातब्बर सरदार. म्हणजे या मुलुखाने एका हबश्याला मुजरे केले आहेत. पण बादशहा जहांगीर आपल्या आत्मवृत्तात त्याचा उल्लेख करताना त्याच्या काळ्या रंगावरून त्याला शिव्या देतो, आणि अंबरच्या छाटलेल्या शिरावर बाण मारणारे आपले चित्रही त्याने काढून घेतले होते. खरा अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही.

युरोपाने या जुन्या तिरस्काराला शास्त्राचा मुलामा दिला. नोहाच्या शापाची कथा ताणून काळी माणसे जन्मतः दास आहेत असे सांगितले गेले. वस्तुतः उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात शाप कनानाला आहे आणि रंगाचा तर तेथे उल्लेखही नाही. फिलिपाने ज्याचा बाप्तिस्मा केला तो इथिओपियाचा अधिकारी प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायातच भेटतो, संत पौलाने युरोपात पाऊल टाकण्यापूर्वी. क्रुसाच्या वाटेवरील पाचव्या स्थानी ज्याच्या खांद्यावर जबरीने क्रूस दिला तो शिमोन कुरेनेचा, म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा. दर उपवासकाळी आपण त्या स्थानापाशी गुडघे टेकतो. संत मार्टिन दे पोरेस यांच्या तसबिरी आपल्या कितीतरी घरांत आहेत. त्यांची आई मुक्त गुलाम होती.

तसबिरीतला काळा संत आपल्याला चालतो. शेजारच्या खोलीत भाड्याने आलेला काळा विद्यार्थी चालत नाही. २०१६ मध्ये बंगळूरला एका टांझानियन विद्यार्थिनीवर जमावाने हात टाकला, २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना खुर्च्या आणि कांबी यांनी मारले, तेव्हा मारणाऱ्यांत आपण नव्हतो. पण पुण्या-मुंबईत आफ्रिकी मुलांना खोली नाकारणाऱ्या घरमालकांत आपली माणसे नाहीतच, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. आपल्या विवाहविषयक जाहिरातींत 'गोरी' हा शब्द अजून किती ठिकाणी छापला जातो, हे तर मोजण्याचीही गरज नाही.

आणि या सर्व हिशेबातले खरे धनको फार दूर नाहीत. गोव्याच्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांच्या जंगलकाठी सिद्दी राहतात. पोर्तुगीजांच्या गोव्यातून पळालेल्या किंवा सुटलेल्या आफ्रिकी गुलामांचे ते वंशज असावेत, असे अभ्यासक मानतात. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आणि कॅथलिकही आहेत. त्यांची बोली कोंकणीच्या वळणाची. हल्याळकडे कित्येकांना मराठी समजते आणि बोलताही येते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी दुसऱ्यांच्या शेतांत गडी म्हणून राबून दिवस काढले. १९८० नंतरच्या दशकात सरकारला एकदम त्यांची आठवण झाली ती धावपटू हवे होते म्हणून. काही मुलांना निवडून नेले, काही वर्षांनी ती योजनाही गुंडाळली. म्हणजे पुन्हा त्यांच्या अंगातली ताकद तेवढी दिसली. २००३ साली कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटक विधानपरिषदेवर नियुक्त झाले, हा त्यांच्यातला पहिला आमदार.

वेलंकणीची, जुन्या गोव्याची यात्रा आपल्या धर्मग्रामांतून दरवर्षी निघते. हल्याळ त्या वाटेपासून फार लांब नाही, पण यात्रेची गाडी तिकडे वळल्याचे सहसा ऐकू येत नाही. ज्या जहाजांनी आपल्याला बाप्तिस्मा आणला त्याच जहाजांनी त्यांनाही आणले. आपण आज वरच्या बाकावर बसलो आहोत आणि त्यांच्या मुलांना शाळेत अजून केसांवरून, ओठांवरून चिडविले जाते. आपल्या वार्षिक सणाला, युवक मेळाव्याला, शाळांच्या वसतिगृहांत, त्यांना आपले म्हणून बोलाविण्यास रोमच्या परवानगीची जरूर नाही. त्यांचा इतिहास धर्मशिक्षणाच्या वर्गात अर्धा तास सांगण्यास पैसाही लागत नाही. एवढे केले तर बोजातील व्याज फिटू लागेल.

मुद्दलाविषयी मात्र मला शंका आहे. धर्मशास्त्राप्रमाणे दोन बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांच्या विवाहाला रंगाची अडचण नाही. वंशाची, जातीची नाही. एखाद्या शिकलेल्या, कमावत्या सिद्दी कॅथलिक मुलाचे स्थळ आपल्या मुलीला सांगून आले, धर्मगुरूंनी त्याच्याविषयी चांगला शब्द टाकला, तर आपल्यापैकी किती घरांत त्याला चहाला बोलाविले जाईल? आणि बोलाविलेच, तर शेजारी विचारतील तेव्हा आई काय उत्तर देईल?